मायक्रोवेव्ह उपग्रह माहितीवरून अंटार्क्टिकाभोवतीचा हंगामी समुद्री बर्फ कसा मोजायचा: पायरी पायरीने

एका विद्यार्थ्याने पाठवलेल्या आलेखात अंटार्क्टिकाभोवतीचा फेब्रुवारीतला समुद्री बर्फ १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटर दिसत होता. खरा आकडा साधारण त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा असतो. प्रोग्राम व्यवस्थित चालला होता, बेरीजही बरोबर होती. फक्त अख्खा अंटार्क्टिका खंड समुद्री बर्फात धरला गेला होता.

असे आलेख माझ्याकडे वारंवार येतात. चुका बहुतेक वेळा त्याच असतात आणि त्या मोजणी सुरू होण्याच्या आधीच झालेल्या असतात. म्हणून या लेखात क्रमाला सर्वात जास्त महत्त्व दिलं आहे. उदाहरणासाठी हिंदी महासागराच्या बाजूचा पट्टा घेतला आहे, म्हणजे २० ते ९० अंश पूर्व रेखांश. भारताचं भारती केंद्र याच पट्ट्यात, प्रिड्झ उपसागराच्या काठी लार्समन टेकड्यांवर आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून तिथलं काम चालतं आणि तिथल्या दर उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) मालवाहू जहाजाला याच बर्फातून वाट काढावी लागते. इथल्या आकड्यांवर माणसांचं काम अवलंबून असतं.

टप्पा १: काय मोजायचं ते आधी कागदावर लिहा

संगणक उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा: कोणता समुद्र, कोणते महिने आणि कोणतं माप.

मापावरून सर्वात जास्त घोटाळा होतो. उपग्रहाची माहिती चौकोनांच्या जाळीत येते आणि प्रत्येक चौकोनात बर्फ किती टक्के आहे ते दिलेलं असतं. त्यावरून दोन वेगळी मापं निघतात. व्याप्ती काढताना १५ टक्के किंवा त्याहून जास्त बर्फ असलेला चौकोन पूर्ण धरायचा, बाकीचे सोडून द्यायचे. क्षेत्रफळ काढताना चौकोनाच्या आकाराला टक्केवारीने गुणायचं.

समजा, ६२० चौरस किमीच्या एका चौकोनात ४० टक्के बर्फ आहे. व्याप्तीत तो ६२० धरला जाईल, क्षेत्रफळात २४८. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण एकाच्या रेघेला दुसऱ्याची सरासरी जोडली की आलेख निकामी होतो. उन्हाळ्यात बर्फ विरळ होतो तेव्हा या दोन मापांतली तफावत वाढते, म्हणजे नेमकी हंगामी बदल पाहण्याच्या वेळीच चूक मोठी होते.

नवशिक्यांनी व्याप्तीच घ्यावी. का, ते टप्पा ३ मध्ये येईल.

टप्पा २: एकच स्रोत निवडा आणि तो बदलू नका

फक्त आकडे हवे असतील तर बर्फाविषयीची माहिती सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या एनएसआयडीसी या केंद्राचा 'सी आइस इंडेक्स' पुरेसा आहे. रोजच्या व्याप्तीची सीएसव्ही (रकान्यांत आकडे असलेली साधी) फाईल मोफत मिळते. ती उघडताना एक लक्षात ठेवा: दुसरी ओळ माहितीची नसते, तिथे एककं लिहिलेली असतात. ती वगळली नाही तर पूर्ण रकाना मजकूर म्हणून वाचला जातो आणि बेरीज होत नाही.

आपल्या पट्ट्यासाठी मात्र चौकोनवार फाईली लागतील. त्यासाठी नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर मोफत खातं काढा. दोन संच उपयोगी आहेत: 'नासा टीम' (लहरींवरून बर्फाची टक्केवारी काढण्याची एक पद्धत) वापरून बनवलेला रोजचा संच आणि नोआ (अमेरिकेची महासागर व हवामान संस्था) व एनएसआयडीसीचा 'क्लायमेट डेटा रेकॉर्ड'. हा दुसरा संच नासा टीम आणि बूटस्ट्रॅप या दोन पद्धतींची उत्तरं ताडून प्रत्येक चौकोनात जास्त येणारं मूल्य घेतो. दीर्घ काळाच्या तुलनेसाठी मी हाच सुचवते, कारण या पद्धती चुकतात तेव्हा बहुधा बर्फ कमी दाखवतात.

जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठाचे नकाशे ८९ गिगाहर्ट्‌झच्या मोजणीवर बनतात आणि ६.२५ किमी इतके बारीक असतात. जहाजाच्या वाटेसाठी ते उत्तम आहेत. पण त्यांतून आलेली आजची व्याप्ती २५ किमीच्या जाळीवरच्या जुन्या सरासरीशी लावू नका. जाळी बारीक झाली की बर्फाची कडा वेगळी कापली जाते आणि प्रत्यक्षात काही न बदलता आकडा बदलतो.

> सावधान: इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावर ओशनसॅट मालिकेतल्या स्कॅटरोमीटरची माहिती मिळते. तीही मायक्रोवेव्हच आहे, पण ते यंत्र स्वतः लहरी सोडून परतलेल्या लहरी मोजतं. इथे आपण बर्फाने आपणहून उत्सर्जित केलेल्या लहरींबद्दल बोलतो आहोत. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, एका रेघेत जोडू नका.

स्रोत ठरला की तारखांची तपासणी करा. माहिती ऑक्टोबर १९७८ पासून आहे, म्हणजे पहिलं पूर्ण वर्ष १९७९. १९८७ पर्यंत निंबस-७ उपग्रहावरचा संवेदक होता आणि त्याची माहिती एक दिवसाआड मिळते. डिसेंबर १९८७च्या सुरुवातीपासून जानेवारी १९८८च्या मध्यापर्यंत माहितीच नाही. अंटार्क्टिकावर काम करणाऱ्याला ही फट फार नडते, कारण हाच तिथला वेगाने वितळण्याचा काळ. तो हंगाम मोजणीतून सरळ वगळा. सरळ रेघ ओढून फट बुजवू नका.

टप्पा ३: उपग्रहाने काय पाहिलं ते समजून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे आलेल्या विचित्र आकड्यांचा अर्थ त्यांना लागत नाही.

उपग्रह बर्फ पाहत नाही, तापमानही मोजत नाही. पृष्ठभागातून निघणारी मायक्रोवेव्ह ऊर्जा तो टिपतो. तिला 'ब्राइटनेस टेम्परेचर' म्हणतात आणि ती केल्व्हिनमध्ये लिहितात, म्हणून ते हवेचं तापमान वाटतं. १९ गिगाहर्ट्‌झच्या आडव्या ध्रुवीकरणात, म्हणजे आडव्या कंपनांच्या लहरींत, मोकळं समुद्राचं पाणी ढोबळमानाने १०० ते ११५ केल्व्हिन दिसतं, तर पहिल्या वर्षाचा (एकाच हिवाळ्यात गोठलेला) बर्फ २३५ ते २४५. प्रत्यक्षात पाणी बर्फापेक्षा उबदार असतं, पण ऊर्जा बाहेर टाकण्यात बर्फ फार पुढे असतो. याच फरकावर सगळी टक्केवारी उभी आहे. ढग आणि ध्रुवीय रात्र यांचा या लहरींना फारसा अडथळा होत नाही, म्हणून जुलैच्या अंधारातही नकाशा मिळतो.

आता हा फरक कुठे पुसट होतो ते पाहा. बर्फावर साचलेलं पाणी उपग्रहाला मोकळ्या समुद्रासारखं दिसतं, त्यामुळे टक्केवारी घसरते. आर्क्टिकमध्ये जुलै-ऑगस्टला हे मोठ्या प्रमाणावर होतं, अंटार्क्टिकात कमी. नुकताच गोठलेला पातळ बर्फही अर्धवट पाण्यासारखा दिसतो. प्रिड्झच्या पश्चिमेला केप डार्न्ली इथे भर हिवाळ्यात वारा बर्फ ढकलत राहतो आणि मागे नवा, पातळ बर्फ बनत राहतो. नकाशावर तिथे ५०-६० टक्के दिसलं तर ते वितळणं समजू नका. तिथे बर्फ तयार होतो आहे.

व्याप्ती आधी घ्या म्हटलं ते याचसाठी. ९० टक्क्यांच्या जागी ६५ वाचले गेले तर क्षेत्रफळ लगेच चुकतं. व्याप्तीला फरक पडत नाही, कारण दोन्ही १५च्या वरच आहेत.

टप्पा ४: फाईल उघडा आणि बेरजेआधी खुणेचे आकडे काढा

घाई न करता करायची पायरी हीच आहे. सुरुवातीचा कोटीचा आलेख इथेच चुकला होता.

नासा टीमच्या संचात प्रत्येक चौकोनात ० ते २५० असा आकडा असतो आणि २५० म्हणजे १०० टक्के बर्फ. त्यावरचे आकडे बर्फाचे नसतात, खुणेचे असतात: २५१ म्हणजे ध्रुवाजवळची न दिसलेली जागा, २५३ किनारा, २५४ जमीन, २५५ माहिती नाही.

पायथन भाषेत अशा फाईली वाचणाऱ्या एक्सअ‍ॅरेने फाईल उघडली की ती आपोआप २५० ने भागून मूल्य देते. मग जमिनीचा २५४ पडद्यावर १.०१६ असा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, १०१.६ टक्के, किरकोळ चूक असेल. तो १.० च्या वरचं सगळं १.० करून टाकतो आणि एका ओळीत अख्खा खंड, सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किमी, शंभर टक्के समुद्री बर्फ होऊन बसतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. आपोआप होणारा भागाकार बंद करून मूळ आकडे वाचा.
२. २५० च्या वरच्या प्रत्येक चौकोनाला 'रिकामा' करा. शून्य करू नका. शून्य म्हणजे मोकळं पाणी, रिकामा म्हणजे माहीत नाही.
३. त्यानंतरच २५० ने भागा.

सी आइस इंडेक्सच्या जिओटिफ (नकाशाच्या चित्राच्या) फाईलींत हेच आकडे दहापट असतात: १००० म्हणजे १०० टक्के, जमीन २५४०. एका संचासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच चालवू नका. एकाच फाईलमध्ये दोन-तीन उपग्रहांचे वेगवेगळे रकाने असू शकतात, कोणता वाचला ते नोंदवा.

> तपासा: दक्षिणेच्या जाळीत ३१६ स्तंभ आणि ३३२ ओळी हव्यात, उत्तरेच्या जाळीत ३०४ आणि ४४८. भागाकारानंतर सर्वात मोठं मूल्य बरोबर १.० किंवा त्याहून कमी हवं. १.००४, १.०१२, १.०१६ यांपैकी काही दिसलं तर मागे जा.

मग नकाशा डोळ्यांनी पाहा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाची शेपटी डावीकडे वरच्या बाजूला वळलेली दिसली पाहिजे. ती खाली दिसली तर ओळी उलट्या वाचल्या गेल्या आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये काम करत असाल तर नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याची पद्धत, तपासा. जुने संच ईपीएसजी ३४१२ या क्रमांकाच्या प्रक्षेपणावर आहेत, बरेच नवे ३९७६ वर. दोन्हींत पृथ्वीचा आकार किंचित वेगळा धरला आहे, त्यामुळे चुकीचं निवडलं तर किनारा सरकतो आणि काठचे चौकोन भलत्याच जागी जातात.

टप्पा ५: प्रत्येक चौकोनाचं खरं क्षेत्रफळ घ्या

"२५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चौरस किमी." जवळजवळ प्रत्येक पहिल्या प्रयत्नात हे वाक्य असतं आणि ते चुकीचं आहे.

ही जाळी ७० अंश अक्षांशावर खरी बसते. तिथून विषुववृत्ताकडे जावं तसा २५ किमीचा चौकोन जमिनीवर प्रत्यक्षात लहान होत जातो, ध्रुवाकडे मोठा. ७५ अंश दक्षिणेला तो सुमारे ६४०, भारतीच्या अक्षांशाला ६२०, ६० अंशांवर ५८० आणि ५५ अंशांवर ५५० चौरस किमी भरतो.

याचा हंगामी मोजणीवर थेट परिणाम होतो. उन्हाळ्यात उरलेला बर्फ खंडाला लागून, दक्षिणेकडे असतो. हिवाळ्यात कडा उत्तरेला ६० अंशांच्या आसपास किंवा पुढे पोचते. सगळीकडे ६२५ धरलं की हिवाळ्याच्या कडेचा बर्फ सात-आठ टक्क्यांनी फुगतो आणि उन्हाळ्याचा किंचित घटतो. चढ-उतार प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो आणि हा बनावट चढ-उतार दरवर्षी ठरल्या वेळी येत असल्यामुळे खरा वाटतो.

एनएसआयडीसी चौकोनांच्या क्षेत्रफळाची आणि अक्षांश-रेखांशाची वेगळी फाईल देते. ती उतरवा आणि प्रत्येक दिवसाच्या माहितीशी चौकोनाला चौकोन लावा.

पट्टा कापतानाही हीच अक्षांश-रेखांशांची फाईल वापरा. जाळीवर आयत काढून २० ते ९० अंशांचा भाग मिळत नाही, कारण तिथे रेखांश पंख्याच्या काड्यांसारखे पसरतात. पुढे रॉस समुद्राकडे वळलात तर पट्टा १८० अंश ओलांडतो. तिथे 'यापेक्षा मोठा आणि यापेक्षा लहान' अशी एकच अट लावली तर उत्तर शून्य येईल.

> तपासा: एका उन्हाळी आणि एका हिवाळी दिवसाची पूर्ण अंटार्क्टिकाची व्याप्ती काढा. सी आइस इंडेक्सच्या त्याच दिवसाच्या आकड्याशी ती एक-दोन टक्क्यांत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. पट्ट्याचं काम या परीक्षेनंतरच.

टप्पा ६: खोटा बर्फ आणि गहाळ पट्टे हाताळा

जोराचा वारा, दाट बाष्प आणि पाऊस मोकळ्या समुद्राला बर्फासारखं भासवतात. तयार संचांत यासाठी गाळणी लावलेली असते, तरी काही सुटतंच. जानेवारीत ५० अंश दक्षिणेला एकटाच २० टक्क्यांचा चौकोन दिसला तर तो बर्फ नव्हे.

किनाऱ्याचा दोष जास्त चिवट आहे. १९ गिगाहर्ट्‌झला उपग्रहाची एक नजर साधारण ७० गुणिले ४५ किमीवर पडते, म्हणजे चौकोनापेक्षा बरीच मोठी. काठच्या चौकोनात खंडाची चमक मिसळते आणि समोर पाणी असलं तरी बर्फ दिसतो. म्हणून भारतीसमोरची खाडी मोकळी झाली की नाही हे या माहितीवरून कधीही ठरवू नका. स्थानिक बोलायचं असेल तर किनाऱ्यालगतच्या दोन रांगा सोडून पुढचं सांगा.

जमिनीची सीमाही कायमची नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रिड्झजवळच्या अमेरी हिमस्तरापासून (खंडाला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ) डी-२८ हा १,६३६ चौरस किमीचा हिमनग सुटला. जुन्या सीमेत ती जागा अजून 'जमीन' आहे, जवळजवळ अडीच चौकोनांएवढी. पूर्ण पट्ट्यासाठी हे नगण्य, उपसागरासाठी नाही.

एखाद्या दिवशी उपग्रहाचा एक फेरा गहाळ असतो आणि नकाशावर पाचरीसारखी फट दिसते. त्या दिवशी बर्फ 'घटतो' आणि दुसऱ्या दिवशी 'परततो'. आधी फटीतले चौकोन आदल्या आणि पुढच्या दिवसावरून भरा, मग तो दिवस आणि आधीचे चार अशी पाच दिवसांची सरासरी घ्या. क्रम उलटा केला तर ती फट पाच दिवसांत पसरते.

> सावधान: संवेदक बिघडतातही. एप्रिल २०१६ मध्ये एफ-१७ उपग्रहाची ३७ गिगाहर्ट्‌झची उभ्या ध्रुवीकरणाची वाहिनी बिघडली आणि नकाशांवर नसलेला बर्फ उमटला. नंतर एफ-१८ ची माहिती वापरावी लागली. २०२५ मध्ये सी आइस इंडेक्स जपानच्या एएमएसआर-२ या संवेदकाकडे वळला. आलेखात अचानक पायरी दिसली तर आधी संवेदक बदलल्याची तारीख पाहा, मग हवामानाकडे वळा.

टप्पा ७: वर्ष कुठे कापायचं

अंटार्क्टिकाचा बर्फ फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सर्वात कमी आणि सप्टेंबरात सर्वात जास्त असतो. सरासरीने ३० लाखांच्या आतबाहेरून १ कोटी ८५ लाख चौरस किमीपर्यंत. वाढ सावकाश, वितळणं झपाट्याने. ३१ डिसेंबरला वर्ष कापलं तर वितळण्याचा हंगाम मधोमध चिरला जातो. हंगामी वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरा आणि त्याला '२०२२-२३' असं नाव द्या.

सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ घ्या. १९८१ ते २०१० हा सर्रास वापरला जातो. तुलना महिना-तारखेने करा, 'वर्षाचा कितवा दिवस' यावरून नको. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर प्रत्येक क्रमांक एका दिवसाने सरकतो. डिसेंबरात अंटार्क्टिकाचा बर्फ दिवसाला दीड-दोन लाख चौरस किमीने घटत असतो, म्हणजे दोन दिवसांत महाराष्ट्राएवढा. एका दिवसाच्या सरकण्याने अर्ध्या महाराष्ट्राएवढी खोटी तफावत आलेखात येते.

महिन्याची सरासरी दोन प्रकारे काढता येते: रोजच्या व्याप्तींची सरासरी, किंवा आधी टक्केवारीची सरासरी आणि मग व्याप्ती. दुसऱ्या प्रकारात आकडा मोठा येतो, कारण महिन्यात थोडेच दिवस बर्फ असलेला चौकोनही सरासरीत १५ टक्के ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीत हा फरक ठळक असतो. पहिला प्रकार वापरा आणि तसं लिहा.

टप्पा ८: दुसऱ्या डोळ्याने पाहा

निरभ्र दिवस शोधा. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर त्याच तारखेचं प्रिड्झ उपसागराचं खऱ्या रंगातलं चित्र उघडा आणि तुमची १५ टक्क्यांची कडा त्यावर ठेवून पाहा. कडा एखाद-दुसऱ्या चौकोनाने इकडेतिकडे असणारच. तीन-चार चौकोनांनी सरकलेली असेल तर टप्पा ४ मधलं प्रक्षेपण पुन्हा तपासा. हिवाळ्याच्या अंधारासाठी युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रं वापरा. किमान चार तारखा घ्या: फेब्रुवारी, मे, सप्टेंबर, डिसेंबर. एकाच तारखेला जुळलं म्हणून थांबू नका.

टप्पा ९: आकडा लिहिताना

मूळ माहिती दशलक्ष चौरस किमीत असते. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख. २१ फेब्रुवारी २०२३ ला अंटार्क्टिकाभोवतीची व्याप्ती १.७९ दशलक्ष, म्हणजे १७ लाख ९० हजार चौरस किमीवर आली. ती उपग्रह नोंदीतली सर्वात कमी होती. मराठीत हाच आकडा १ लाख ७९ हजार किंवा १ कोटी ७९ लाख असा छापला जाण्याचा धोका असतो. एवढ्या मेहनतीने काढलेला आकडा शेवटच्या ओळीत बिघडू देऊ नका.

प्रत्येक आलेखाखाली हे लिहा: संचाचं नाव आणि आवृत्ती, जाळी किती किमीची, व्याप्ती की क्षेत्रफळ, सरासरी किती दिवसांची, तुलनेची वर्षं, वगळलेले दिवस. ताज्या महिन्यांची माहिती तात्पुरती असेल तर तेही लिहा आणि पक्का संच आला की तो भाग पुन्हा चालवा.

फाईली उतरवल्याची तारीख फोल्डरच्या नावातच ठेवा. संचाची नवी आवृत्ती आली की जुने आकडेही थोडे बदलतात आणि सहा महिन्यांनी कोणी "तुमचा सप्टेंबर वेगळा का?" असं विचारलं तर उत्तर त्या तारखेतच सापडतं.